चारीच्या मुखापासून गव्हाच्या मुळापर्यंत

आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, वाद एकच आहे, आणि तो माझ्या जन्माआधीपासून चालत आलाय. शेपटाकडचे, म्हणजे चारीच्या शेवटी जमीन असलेले, म्हणतात, वरच्यांनी पाणी खाल्लं. वरचे म्हणतात, आम्हालाच कुठं पुरतंय, पाणी मुळात कमी सुटलं. प्रत्येकाला आपल्या म्हणण्याची पक्की खात्री, पण आकडा कोणाकडेच नाही. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर, नेवासे तालुक्यात ही चारी आहे. माझी जमीन शेपटाच्या जरा अलीकडे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं गाऱ्हाणं माझ्यापर्यंत पोचतं.

२००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला आणि पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने द्यायचं ठरलं. म्हणजे चारीच्या मुखाशी मोजून घ्यायचं आणि जेवढे घनमीटर घेतले तेवढ्याची पाणीपट्टी भरायची. आमची संस्था हे करते. पण मोजणी मुखाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आत आम्ही एकरी वर्गणी घेतो, पाळीपत्रकाप्रमाणे, म्हणजे कोणी कधी पाणी घ्यायचं त्या वेळापत्रकाप्रमाणे, दार उघडतो आणि पाणी शेतात गेलं की विषय संपला असं धरतो. विकत घेतलेल्या शंभर लिटरांतले पिकाच्या मुळांना किती मिळाले, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. देशातल्या कालव्यांची एकूण कार्यक्षमता ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात असते, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलेलं. ते ऐकून मान डोलवायची आणि घरी यायचं. आपल्या चारीचं काय, हे त्यातून कळत नाही.

गेल्या रब्बीत ठरवलं की आपणच मोजायचं. आमचे जुने सचिव, तात्या, वाल्मीत, म्हणजे सरकारच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, प्रशिक्षण घेऊन आलेले आहेत. फ्लूम, खाच असे मोजणीचे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे. माझा पुतण्या कृषी अभियांत्रिकी शिकतो. त्याला सुट्टी होती. पाळीप्रमाणे दारं उघडणारा पाटकरी सोबतीला होताच. चौकात बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मोजून पाणी वाढतं व्हय रे?" प्रश्न खोटा नव्हता. तात्या म्हणाले, "वाढत नाय अण्णा, पण कुठं जातंय ते तरी दिसल."

सुरुवात मुखापासूनच केली, कारण पुढचा सगळा हिशोब तिथल्या आकड्यावर उभा राहणार होता. आमच्या मुखाशी एक फूट घशाचा पार्शल फ्लूम आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चारीत एक सिमेंटचं बांधकाम, आधी रुंद, मध्ये ठरावीक मापाचा अरुंद घसा, पुढे परत रुंद. पाणी त्या घशातून जाताना आधीच्या भागात ठरावीक उंचीला चढतं. ती उंची भिंतीवरच्या मोजपट्टीवर वाचायची आणि तक्त्यात बघायची, की सेकंदाला किती लिटर ते मिळतं. अमेरिकेत कोलोरॅडोला राल्फ पार्शल नावाच्या अभियंत्याने १९२०च्या दशकात हा काढला. त्यात हलणारा भाग नाही, वीज लागत नाही, आणि गाळही बराचसा वाहून जातो. शंभर वर्षांनंतरही आमच्यासारख्या चारीवर याच्यापेक्षा सोयीचं साधन मला माहीत नाही.

आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सुटणारं पाणी, सुटायच्या आधी, चारी कोरडी असताना तात्यांनी गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणायला लावली. नळीचं एक टोक पुतण्याने फ्लूमच्या तळावर धरलं, दुसरं मी मोजपट्टीला लावलं. नळीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. तळाची पातळी पट्टीच्या शून्याशी जुळायला हवी होती, ती जुळली २ सेंटिमीटरच्या रेघेशी. परत धरलं, टोकं बदलून धरलं, तरी तेच. तेव्हा लक्षात आलं की पट्टी ज्या भिंतीवर आहे ती भिंत तळापासून सुटून खाली बसलीय. मध्ये बोट जाईल एवढी चीर होती, तिच्यात गवत उगवलेलं. काळ्या जमिनीत हे होतंच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं बांधकाम वर्षानुवर्षं थोडं थोडं हलत राहतं.

दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पट्टीवर २५ सेंटिमीटर दिसले की तक्ता सांगतो सेकंदाला ८४ लिटर, म्हणजे जवळजवळ ३ क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर). पण खरी उंची २३ असेल तर पाणी ७४ लिटरच. दर सेकंदाला १० लिटरांचा फरक. दिवसाचे ८६४ घनमीटर. हे पाणी कोणी चोरलं नव्हतं. ते चारीत आलंच नव्हतं, फक्त कागदावर आलं होतं. वरच्यांचं "पाणी मुळात कमी सुटलं" हे म्हणणं निदान एवढ्यापुरतं खरं निघालं, आणि ते शेपटाकडच्या मंडळींसमोर मी मोठ्याने वाचून दाखवलं. पाटबंधारे कार्यालयाला कळवल्यावर त्यांची माणसं लेव्हल यंत्र घेऊन आली, त्यांनीही तपासलं आणि पट्टी नव्याने बसवून दिली. ज्यांच्याकडे घनमापाने पाणी येतं त्या प्रत्येक संस्थेने हे वर्षातून एकदा तरी करावं असं मला कळकळीने वाटतं. लेव्हल नळी कोणत्याही गवंड्याकडे मिळते.

पुढचं काम अवघड होतं. मुख ते चारीचा मधला टप्पा, साधारण २ किलोमीटर. एवढ्या वाटेत किती पाणी जिरतं आणि गळतं ते बघायचं तर मधली सगळी दारं बंद हवीत. म्हणजे ऐन आवर्तनात वरच्या लोकांनी आपली पाळी थांबवायची. गहू कांडी धरायला आलेला, कांदा पोसायला लागलेला. कोण थांबेल? दोन बैठका नुसत्या यावरच गेल्या. शेवटी पाळीपत्रकातच अर्धा दिवस मोजणीसाठी धरला आणि तो सगळ्यांच्या वेळेतून सारखा कापला, तेव्हा मिटलं. एकाच्या वाट्याचं पाणी मोजणीसाठी घेतलं असतं तर मोजणी झालीच नसती.

मधल्या टप्प्यावर पक्का फ्लूम नाही. पुतण्याने नकाशा काढून दिला आणि तालुक्याच्या गावी गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून पत्र्याचा, सहा इंची घशाचा फ्लूम करून घेतला. घसा बरोबर १५२ मिलिमीटर यायला हवा यासाठी तो कारागिराच्या शेजारी टेप धरूनच बसला होता. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकला की घसा आत येतो, आणि पाच मिलिमीटरची चूक म्हणजे मोजणीत तीन टक्क्यांची चूक. कारागिराने आतून लोखंडी पट्टीचा आधार देऊन मग टाके मारले.

फ्लूम चारीत बसवणं हे वाचायला सोपं आहे. आम्ही पाण्यात गुडघाभर उभे. खाली विटा, त्यावर फ्लूम, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ठोकाठोक. दोन्ही कडांनी प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर तुडवलेला काळा चिखल, कारण बाजूने थेंबभर जरी पाणी निसटलं तरी ते मोजणीतून निसटलं. एवढं करून पाणी सोडलं तर तात्यांनी मान हलवली. फ्लूमच्या पुढच्या बाजूला पाणी तुंबलेलं दिसत होतं. पुढची पातळी मागच्या पातळीच्या ६० टक्क्यांवर गेली की या मापाचा फ्लूम बुडाला समजतात आणि तक्ता चालत नाही. पुढे पन्नास-साठ पावलांवर चारीत बेशरमचं रान माजलेलं, त्याने पाणी अडत होतं. ते तोडून बाहेर फेकलं, फ्लूमखाली आणखी एक थर विटा घातल्या, तेव्हा घशातून पाणी कसं उडी मारून पुढे पडायला लागलं.

आकडा लगेच घेतला नाही. पहिल्या दिवशी कोरडी चारी पाणी पिऊन घेते, भेगा बुजतात, आणि तेव्हाची मोजणी घेतली तर नुकसान फुगून दिसतं. दुसऱ्या दिवशी, मुखाशी आणि मध्यावर दोन्हीकडे उंची तासाभरात हलत नाही असं दिसल्यावर वाचन घेतलं. मुखाशी २३ सेंटिमीटर, ७४ लिटर. मध्यावर ३१ सेंटिमीटर, आणि सहा इंची घशाच्या तक्त्यात त्याचे ६० लिटर. दोन किलोमीटरमध्ये १४ लिटर गेले. शंभरातले १९.

हे १४ लिटर "गळती" म्हणून एका खात्यात टाकून मोकळं होता आलं असतं. आम्ही मात्र बादली घेऊन चारीच्या कडेने चालत निघालो. बंद दारं खरोखर बंद नव्हती. एका दाराची पाटी खालून गंजलेली, दुसऱ्याला गोणपाट आणि चिंध्या कोंबलेल्या, तिसऱ्याची पाटीच जागेवर नाही, तिथे दगड आणि माती. प्रत्येक दाराखाली बादली धरून घड्याळावर वेळ मोजली. जिथे बादली बसेना तिथे त्रिकोणी खाच कापलेला पत्रा आडवा लावला; खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. सगळं मिळून सेकंदाला ५ लिटर. म्हणजे ज्याची पाळी नाही त्याच्या शेताच्या कोपऱ्यात ते दिवसरात्र जात होतं, आणि त्याचा त्यालाही उपयोग नव्हता. तिथे नुसतं लव्हाळं वाढलेलं. एका जागी तर ज्याच्या शेतात पाणी शिरत होतं तोच म्हणाला, "दादा, हे बंद करा, माझा कोपरा चिबड झालाय, तिथं काही येत नाय."

उरलेले ९ लिटर तळातून आणि काठांतून जात होते. काही जागी काठाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसत होती, आत हात घातला तर खेकड्यांची बिळं. दोन ठिकाणी घुशींनी पोखरलेलं. पण बाकी सरळ जमिनीत जिरत होतं.

इथे मोजणीला वळण लागलं, आणि मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. चारीला आतून सिमेंटचं अस्तर करा, अशी शेपटाकडची जुनी मागणी आहे. ९ लिटरांचा आकडा ऐकल्यावर ती लगेच वर आली. तेव्हा वरच्या अंगाचे एक शेतकरी उठले. म्हणाले, "अस्तर केलं तर माझी विहीर मेली." त्यांचं म्हणणंही तपासायचं ठरलं. चारीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत दोरीला टेप बांधून पाण्याची पातळी घेतली, आवर्तनाआधी आणि आवर्तन चालू असताना, मोटारी बंद असतील अशा वेळी. चारीला लागून असलेल्या विहिरी चार-पाच फूट चढल्या. लांबच्या विहिरींना काही फरक नाही. म्हणजे ते पाणी हरवलं नव्हतं. ते विहिरीत जाऊन बसलं होतं, आणि आवर्तन बंद झाल्यावर त्याच पाण्यावर कांदा निघत होता. तो कांदा कोणाचा, हा प्रश्न आहेच. शेपटाच्या वाट्याचं पाणी वरच्याच्या विहिरीत गेलं, आणि तिथून उपसायला वीजही लागली. पण पाणी "वाया गेलं" असं त्याला म्हणता येत नाही. कार्यक्षमतेच्या सूत्रात हा भेद कुठेच दिसत नाही. मुखाशी किती आणि मध्यावर किती, एवढंच ते विचारतं.

मध्यापासून पुढे दोन दारं एका वेळी चालतात, प्रत्येकी ३० लिटर. त्यातलं एक माझ्या शेताकडे येतं. दारापासून माझ्या बांधापर्यंत साधारण ३०० मीटरची मातीची शेतचारी. दाराशी सहा इंची फ्लूममध्ये २० सेंटिमीटर, बांधाशी १९. पट्टीवर एका सेंटिमीटरचा फरक आणि पाण्यात शंभरातले ८ लिटर कमी.

आता शेत. चारीतलं पाणी दिसतं, मोजता येतं. जमिनीत शिरलेलं पाणी मोजायचं तर माती खणावी लागते. पाणी देण्याच्या आदल्या दिवशी आम्ही गव्हाच्या एका एकरात गिरमिटाने नमुने घेतले. साऱ्याच्या, म्हणजे पाणी द्यायला शेतात पाडलेल्या लांब पट्ट्याच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. प्रत्येक जागी वरचा अर्धा फूट, खालचा अर्धा फूट, मग दोन फुटांपर्यंत आणि त्याच्याही खाली एक फूट. काळ्या मातीत गिरमिट फिरवायचं म्हणजे खांद्याचं काम. तीन फेरे झाले की उपसून काढायचं, पात्यातली माती सुरीने खरवडून लगेच ॲल्युमिनियमच्या डबीत भरायची आणि झाकण घट्ट लावायचं, नाहीतर ओल उडते. डबीवर नंबर, वहीत नंबर. डब्या ओल्या वजनासकट प्रयोगशाळेत गेल्या, तिथे १०५ अंशांवर चोवीस तास सुकवल्या आणि परत वजन केलं. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे मातीतलं पाणी.

पाण्याआधी दर शंभर ग्रॅम सुक्या मातीत २७ ग्रॅम पाणी होतं. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी, जास्तीचं निथळून गेल्यावर, ३६. नऊ टक्क्यांची भर. माझ्या मातीची सुकी घनता घन सेंटिमीटरला १.२५ ग्रॅम भरली आणि गव्हाची मुळं दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर धरली, तर ही भर पावणेसात सेंटिमीटर पाण्याची होते. मधल्या दोन दिवसांत पिकाने पिऊन टाकलेलं सहाएक मिलिमीटर त्यात मिळवलं की मुळांपाशी साठलं ७४ मिलिमीटर.

आणि दिलं किती? जुन्या पाटकऱ्यांचा एक हिशोब आहे, तो अगदी बरोबर बसतो: एक क्युसेक पाणी एक तास एका एकरात सोडलं की एक इंच भरतं. माझ्या बांधाशी क्युसेकला थोडं कमी पाणी होतं आणि एकर भिजायला पाच तास लागले. १२३ मिलिमीटर दिलं, ७४ कामी आलं. शंभरातले साठ. दोन फुटांच्या खालच्या नमुन्यांतही ओल वाढलेली दिसली. उरलेलं मुख्यतः तिकडे गेलं होतं.

हे दिवसाचं. कालवा मात्र रात्री बंद होत नाही, पाळी चोवीस तास फिरते. म्हणून शेजारच्या बांधावरचा, त्याच आठवड्यात पेरलेला, त्याच वाणाचा गव्हाचा एकर आम्ही रात्रीच्या पाळीत मोजला. ट्रॅक्टर बांधावर उभा केला, दिवे चालू ठेवले, आणि शेताच्या शेवटी जिथून पाणी ओघळीत उतरतं तिथे त्रिकोणी खाच बसवली. भूमालकाने पाणी लावलं, पहिले दोन सारे भरताना थांबला आणि घरी गेला. तो आळशी माणूस नाही. चहूबाजूंनी ऊस आहे, आणि आमच्या भागात उसात बिबट्या आहे हे आता लहान पोरालाही माहीत आहे. थंडीत, अंधारात, एकट्याने बांधावर उभं राहायचं आणि दर तासाला सारा बदलायला उसाच्या कडेने चालत जायचं, हे कोणी कोणाला सांगावं? तो दोन-तीन सारे एकदम फोडून ठेवतो आणि पहाटे येऊन दार बंद करतो.

त्या एकरात पाणी साडेसात तास चाललं. मध्यरात्रीनंतर खाचेवरची उंची १४ सेंटिमीटर होती, म्हणजे सेकंदाला १० लिटर सरळ ओघळीत. शेतात येणाऱ्या पाण्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बाहेर. दोन दिवसांनी नमुने घेतले तर मुळांपाशी साठलेलं पाणी माझ्या शेताइतकंच भरलं, कारण मातीला तेवढंच धरता येतं. पण दिलेलं होतं १८४ मिलिमीटर. शंभरातले चाळीस. साऱ्याच्या सुरुवातीचा गहू पुढे पिवळा पडायला लागला होता, मुळं गुदमरल्यासारखा.

मग सगळं एकत्र गुणलं. चारीतून ८१ टक्के, शेतचारीतून ९२, शेतात दिवसा ६० आणि रात्री ४०. मुखाशी घेतलेल्या शंभर लिटरांतले दिवसाच्या पाळीत गव्हाच्या मुळांना मिळाले ४५, रात्रीच्या पाळीत ३०. प्रशिक्षणात ऐकलेला आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. पण तो एक आकडा बघून मला कधीच कळलं नसतं की आमच्या चारीवर सगळ्यात जास्त पाणी वरच्यांच्या दारांत जात नाही, तर रात्रीच्या अंधारात प्रत्येकाच्याच शेतातून जातं. वरच्याच्याही आणि शेपटाकडच्याही. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून भांडणं झाली ती गोष्ट हिशोबात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची निघाली.

हे आकडे संस्थेच्या बैठकीत फळ्यावर लिहिले. पहिल्यांदाच असं झालं की बोलणं माणसांवर न जाता जागांवर गेलं: कुठलं दार, कुठला काठ, कुठली वेळ. दारांच्या पाट्या आणि खाली रबर, हे काम संस्थेच्या पैशातून लगेच घेतलं. खेकड्यांची बिळं खणून काळी माती ठोकून भरली. अस्तराचा ठराव मागे ठेवला. विहिरींच्या पट्ट्यात करायचं नाही, फक्त पुढे जिथे चारी मुरमाड जमिनीतून जाते आणि जवळ विहीर नाही तेवढ्या तुकड्याची मागणी करायची. विहिरीवाल्यांनी संस्थेला काही जादा वर्गणी द्यावी का, यावर अजून एकमत नाही. मला वाटतं द्यावी. चारीच्या पाझरावर विहीर चालते हे टेपने दाखवून दिल्यावर तो पाझर फुकटचा राहत नाही.

रात्रीच्या पाळीचं उत्तर पैशात नव्हतं. शेजारच्या दोन शेतांची पाळी जोडून लावायची, म्हणजे बांधावर दोघं असतात, हे ठरलं. आणि दुसरं, सारा शेवटपर्यंत भरेपर्यंत थांबायचं नाही. आमच्या जमिनीत पाणी साऱ्याच्या पाऊण लांबीला पोचलं की तोडायचं; पुढचा पाव भाग साऱ्यात साचलेलं पाणीच पुढे सरकून भिजवतं. त्यासाठी प्रत्येक साऱ्यात पाऊण अंतरावर पांढऱ्या चिंधीची काठी रोवली, अंधारात बॅटरीच्या उजेडात दिसेल अशी. पुढच्या पाळीत हे माझ्या एकरात करून पाहिलं तर पाच तासांचं काम चार तासांत झालं आणि शेतातली कार्यक्षमता सत्तरच्या आसपास गेली. साऱ्याच्या शेवटी ओल थोडी कमी भरली, पण गव्हाने कुठे मान टाकली नाही. काहींचा यावर विश्वास नाही. त्यांना शेवटच्या वितीपर्यंत पाणी उभं दिसल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्या शेतात मी गिरमिट घेऊन जायला तयार आहे.

बैठकीत पुतण्याने एक प्रश्न काढला, त्याचं उत्तर अजून आमच्यापैकी कोणाकडे नाही. रात्री ओघळीत गेलेलं पाणी पुढे कुठं जातं? ओघळ ओढ्याला, ओढा नदीला, आणि आमच्या तालुक्यात प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते, खाली जायकवाडी धरणाचा फुगवटा. ज्या जायकवाडीचा साठा ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असला की आमच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, म्हणून आमच्याकडे दर दुष्काळात आंदोलनं होतात, तिकडेच आमच्या साऱ्यांतलं पाणी जातंय. त्यातलं वाटेत किती आटतं, ओढ्यावरच्या मोटारी किती उचलतात, आणि खाली खरोखर किती पोचतं? तात्या म्हणाले, ओढ्यात बंधाऱ्याच्या सांडव्यावर उंची घेता येईल, सांडव्याची लांबी मोजलेली आहेच. आवर्तन सुटायच्या आधी एक वाचन, चालू असताना दर सकाळी एक, आणि बंद झाल्यावर आठवडाभर. उन्हाळी हंगामाच्या पाळीपत्रकासोबत या वाचनाचं वेळापत्रकही लावायचं ठरलं आहे, आणि ओढ्याकाठच्या मोटारवाल्यांना त्यांच्या उपशाचे तास वहीत लिहायला सांगितले आहेत. त्यातल्या निम्म्यांनी हो म्हटलंय.